कुत्रं-मांजर म्हातारं होताना: दर सहा महिन्यांच्या तपासणीची वाट, बेळगाव परिसरातल्या घरांसाठी

‘आता वय झालंय, असंच चालायचं.’ कुत्रं जिना चढेनासं झालं, मांजर दिवसभर एकाच कोपऱ्यात पडून राहू लागलं, की आपल्याकडं घरोघरी हेच म्हटलं जातं. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण दुखणारे सांधे, सडलेली दाढ, वाढलेली साखर, थकत चाललेली किडनी हे सगळं ‘वय’ या एका शब्दाखाली झाकलं जातं. यातल्या बहुतेक दुखण्यांवर औषध आहे. लवकर सापडली तर खर्चही कमी आणि जनावराचे हालही कमी.

आमच्या घरी एक कारवानी जातीचा, सडपातळ शिकारी कुत्रा आणि एक गावठी मांजर, दोन्ही पिकल्या वयापर्यंत पोचली. त्यांच्यापायी तालुक्याचा सरकारी दवाखाना, शहरातले खासगी दवाखाने आणि बाहेरगावच्या मोठ्या तपासण्या, सगळं जवळून पाहिलं. ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच होतंय त्यांच्यासाठी ते क्रमानं लिहितेय.

## १. तपासणी कोणत्या वयापासून, आणि वर्षात केव्हा

मोठ्या अंगाची कुत्री लवकर म्हातारी होतात. ग्रेट डेनसारखं धिप्पाड कुत्रं पाच-सहा वर्षांतच उतारवयात येतं. लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड सातव्या वर्षाच्या आसपास, कारवानी किंवा गावठी आठव्या-नवव्या वर्षी, तर पॉमेरेनियन, पग, डॅशहाउंड अशी लहान चणीची कुत्री दहाव्या वर्षाकडं झुकली की. मांजराचं दहा वर्षांनंतर धरा. रस्त्यावरून आणलेल्या जनावराचं वय नक्की माहीत नसतं, पण डॉक्टर दात आणि डोळे बघून बऱ्यापैकी अंदाज सांगतात.

त्या वयापासून तपासणी दर सहा महिन्यांनी. त्यांचे सहा महिने म्हणजे आपली ढोबळमानानं दोन-तीन वर्षं, तेवढ्यात शरीरात बरंच काही बदलतं.

आपल्याकडच्या हवेला दोन वेळा सोयीच्या पडतात. पहिली म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर पण झड लागायच्या आत. तेव्हा पावसाळ्याआधीच्या लसी आणि गोचिडांचा बंदोबस्त होऊन जातो. दुसरी म्हणजे दिवाळी आटोपल्यावर. पावसाळ्यात अंगात शिरलेला गोचीड ताप, कातडीचे रोग तेव्हा पकडता येतात, आणि थंडीनं सांधे आखडायच्या आत औषध ठरतं. खानापूरच्या पलीकडं जांबोटी, कणकुंबी भागात राहत असाल तर मेची वेळ अजिबात चुकवू नका. एकदा पाऊस लागला की आजारी जनावर घेऊन घाटरस्त्यानं शहर गाठणं फार जिकिरीचं होतं.

बेळगाव शहरात यायचं असेल तर शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे आणि गणेशोत्सवाचे दिवस टाळा. रस्ते बंद असतात, आणि ढोल-डीजेच्या आवाजानं आधीच भेदरलेल्या जनावराचे ठोके मोजून डॉक्टरांनाही काही कळत नाही.

## २. डॉक्टर कुठं गाठायचे

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी अशा तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. पाटी कन्नडमध्ये असते; कन्नड वाचता येत नसेल तर ‘पशु आस्पत्रे कुठं आहे’ असं विचारा, कुणीही सांगेल. तिथं लस, जखम, ताप, जंत ही कामं चांगली होतात. मात्र या डॉक्टरांचं मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं. लाळ्या-खुरकूत लसीकरणाची मोहीम चालू असली की डॉक्टर आणि कर्मचारी गावोगाव फिरत असतात आणि दवाखान्यात कुणी भेटत नाही. म्हणून जाण्याआधी फोन करा, आणि सकाळी लवकर जा.

1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक आहे. ही सेवा प्रामुख्यानं गुरांसाठी आहे, तरी आडगावी अडचण आली तर तिथं फोन करून विचारायला हरकत नाही.

रक्ताच्या सविस्तर तपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, दात साफ करणं यासाठी शहरातला लहान प्राण्यांचा खासगी दवाखाना गाठावा लागतो. खेड्यातल्या घरांना मी असं सांगेन: लस आणि किरकोळ उपचार जवळच्या सरकारी दवाखान्यात करा, पण वर्षातून एकदा तरी रक्त-लघवीसकट पूर्ण तपासणी शहरात करून घ्या. दोन्हीकडचे कागद एकाच फाइलीत ठेवा.

इथला सापळा: गावात सुई टोचणारा माणूस सहज मिळतो. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार निदान आणि उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे असतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. जखमेला मलम लावून घेणं वेगळं. पण म्हाताऱ्या कुत्र्याला ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून काहीतरी टोचून घेणं धोक्याचं आहे. ते का, हे पुढं आठव्या टप्प्यात येतं.

दवाखान्यातल्या मदतनिसाशी कन्नडमध्ये बोलायची वेळ आली तर दोन वाक्यांवर बरंच भागतं: ‘ऊट माडत्तिल्ल’ म्हणजे जेवत नाही, आणि ‘नीरु भाळ कुडीतदे’ म्हणजे पाणी फार पितंय.

## ३. घरची वही: सगळ्यात मोलाचं काम

डॉक्टर तुमच्या जनावराला सहा महिन्यांतून दहा-पंधरा मिनिटं बघतात. तुम्ही रोज बघता. शिवाय दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं कुत्रं लंगडायचंही विसरतं आणि मांजर तर दगडासारखं बसून राहतं. म्हणून खरी माहिती घरातून जाते. शाळेची साधी दोनशेपानी वही घ्या आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पुढच्या गोष्टी लिहा.

वजन. लहान जनावराला उचलून घरच्या काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. मोठ्या कुत्र्यासाठी ओळखीच्या धान्य व्यापाऱ्याकडचा जमिनीवरचा काटा उत्तम; बेळगावच्या रविवार पेठेत असे काटे दुकानोदुकानी आहेत. चार किलोचं मांजर चारशे ग्रॅमनं घटलं तर ते साठ किलोच्या माणसानं सहा किलो गमावण्यासारखं आहे, आणि केसांमुळं ते डोळ्यांना दिसत नाही. काट्यालाच दिसतं.

पाणी. सकाळी मोजून पाणी ठेवा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. कुत्रं दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे दहा किलोचं कुत्रं लिटरभराच्या वर, तर ते नेहमीचं नाही. मांजरासाठी ही मर्यादा किलोमागे 50 मिलिलिटर. मधुमेह, किडनीचा आजार, मादीच्या गर्भाशयातला पू अशा बऱ्याच दुखण्यांची पहिली खूण वाढलेली तहान हीच असते. ‘उन्हाळा आहे म्हणून पितंय’ असं म्हणून सोडून देऊ नका, मोजा. आणि पाणी फार पितं म्हणून वाटी उचलून ठेवण्याची चूक तर मुळीच करू नका, किडनीच्या रोग्याला त्यानं झपाट्यानं त्रास होतो.

झोपेतला श्वास. गाढ झोपेत असताना छाती वर-खाली होते ती अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत हवी. सलग दोन-तीन वेळा तीसच्या वर आली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. आपल्याकडं पॉमेरेनियन घरोघरी आहेत आणि लहान जातींत हृदयाची झडप सैल होण्याचा आजार उतारवयात नेहमी दिसतो. फुप्फुसात पाणी साठायला लागल्याचं सगळ्यात आधी या मोजणीतून कळतं, खोकल्याच्याही आधी. एक पैसा न लागणारी ही तपासणी मला इतर कुठल्याही तपासणीपेक्षा मोलाची वाटते.

गाठी. मानेपासून शेपटीपर्यंत, काखेत, जांघेत, आणि माद्यांच्या सडांच्या दोन्ही ओळींवरून हात फिरवा. गाठ लागली तर जागा, तारीख आणि आकार लिहा: हरभऱ्याएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. म्हाताऱ्या कुत्र्यांत नुसत्या चरबीच्या निरुपद्रवी गाठी पुष्कळ असतात, पण हाताला मऊ लागली म्हणजे निरुपद्रवी असं नाही. सुईनं थोड्या पेशी काढून काचेवर बघितल्या तरच कळतं. ती तपासणी साधी आहे, बहुतेक वेळा भूलही लागत नाही.

हिरड्या. ओठ उचलून बघा. गुलाबी हव्यात. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढुरक्या, पिवळसर किंवा निळसर हिरड्या दिसल्या तर महिनाअखेरची वाट बघू नका.

वागणूक. रात्री विनाकारण भुंकणं, भिंतीकडं टक लावून बघणं, दाराच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं, घरात लघवी होणं. म्हातारपणी मेंदू थकल्यानं हे होतं, पण दुखण्यामुळं, रक्तदाबामुळं, दृष्टी गेल्यामुळंही होतं. मांजराच्या बाबतीत उड्या कमी झाल्या, पाठीवरचे केस गुंतून जटा झाल्या, नखं वाढून गादीत अडकू लागली, तर बहुधा सांधे दुखत असतात. मांजर लंगडून दाखवत नाही.

लंगडणं, खोकला, झटका, चक्कर असं काहीही दिसलं की फोनवर व्हिडिओ काढा. तोंडी वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून डॉक्टरांना जास्त समजतं.

## ४. जाण्याआधी: काय काय बरोबर घ्यायचं

- लसीचं पुस्तक. रेबीजच्या नोंदीत लसीच्या बाटलीवरचं लेबल, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी
- जुने रिपोर्ट, तारखेच्या क्रमानं लावलेले
- घरची वही
- चालू औषधांच्या गोळ्यांची पाकिटंच. ‘ती पांढरी गोळी’ असं सांगून उपयोग नाही
- सकाळची लघवी, कोरड्या स्वच्छ डबीत. तासाभरात पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच सकाळी द्या
- ताज्या विष्ठेचा लहानसा नमुना
- पट्टा, दोरी, तोंडाला बांधायची जाळी, एक जुना टॉवेल

लघवी गोळा करायची युक्ती अशी: कुत्र्याला सकाळी बाहेर नेताना लांब दांड्याचा डाव किंवा उथळ ताटली जवळ ठेवा, धार सुरू झाली की हळूच खाली सरकवा. मांजराच्या ट्रेमधली माती काढून रिकामा ट्रे ठेवून बघा. नाहीच जमलं तर डॉक्टर सुईनं घेतात.

रक्त तपासायला द्यायचं असेल तर आधी आठ ते बारा तास खाणं बंद, पाणी चालू. मधुमेह असलेल्या किंवा फार अशक्त जनावराला उपाशी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मांजराला पिशवीत किंवा पोत्यात घालून आणू नका. पिंजरा किंवा झाकणाची बास्केट चार-पाच दिवस आधीच घरात उघडी ठेवा, त्यात त्याचंच अंथरूण टाका, एखादा मासळीचा तुकडा आत ठेवा. दवाखान्यात बास्केटवर टॉवेल झाका, म्हणजे शेजारी भुंकणारी कुत्री दिसत नाहीत. आणि आयुष्यभर कुणाला न चावलेलं कुत्रंही दुखऱ्या कमरेला हात लागला की चावू शकतं, तेव्हा जाळी बांधायला लाजू नका.

## ५. टेबलावर काय बघून घ्यायचं

चांगली तपासणी नाकापासून शेपटीपर्यंत होते: वजन, ताप (कुत्र्या-मांजराचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तेच त्यांचं साधं), डोळे, कान, दात, छातीचे ठोके, पोट चाचपणं, सांधे वाकवून बघणं, न खच्ची केलेल्या नराचं प्रोस्टेट. नुसतं लांबून बघून इंजेक्शन दिलं जात असेल तर नम्रपणे म्हणा, ‘डॉक्टर, एकदा छाती आणि तोंड बघता का?’ वही पुढं केली की बहुतेक डॉक्टर खुश होऊन जास्त वेळ देतात.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत निळसर धुरकट छटा दिसते. ती नेहमी मोतीबिंदू नसतो. वयानुसार भिंग घट्ट होतं आणि दिसण्यात फारसा फरक पडत नाही. पांढरा मोतीबिंदू वेगळा, त्यात आधी मधुमेह तपासावा लागतो.

निघण्याआधी, टोचलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा. हा तुमचा हक्क आहे, आणि पुढच्या डॉक्टरला त्याची गरज पडते.

## ६. रक्त आणि लघवी: कोणती तपासणी कशासाठी

इथं बरेच जण पैशासाठी अडखळतात, म्हणून काय टाळता येतं आणि काय नाही ते सांगते.

पहिल्या वेळी रक्तपेशींची मोजणी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि युरिया, लिव्हरची मापं, साखर, आणि लघवीची साधी तपासणी एवढं कराच. जनावर ठणठणीत असताना केलेले हे आकडे पुढं फार उपयोगी पडतात, कारण दोन वर्षांनी आलेला आकडा कशाशी ताडून बघायचा ते हाताशी असतं.

लघवी वगळू नका. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. लघवी घट्ट करण्याची ताकद त्याआधीच गेलेली असते आणि ती लघवीची घनता मोजली की कळते. म्हणजे थोडक्या पैशातली ही तपासणी रक्ताच्या आधी बोलते. एसडीएमए नावाची एक रक्ततपासणीही किडनीचा आजार लवकर दाखवते. सगळीकडं होत नाही, पण मांजर असेल तर विचारून बघा.

दहा वर्षांवरचं मांजर भरपूर खाऊनही बारीक होत असेल, चिडचिडं झालं असेल, तर थायरॉइडची टी-4 तपासणी सांगायला लावा. कुत्र्यांत उलट, थायरॉइड कमी पडतं: सुस्ती, वाढलेलं वजन, शेपटीचे केस गळणं. मांजराचा रक्तदाब मोजण्याची सोय असेल तर तोही मोजून घ्या. वाढलेल्या रक्तदाबानं मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. एक लक्षात ठेवा, घाबरलेल्या मांजराची साखर तेवढ्यापुरती वाढते. एका आकड्यावर मधुमेह ठरवू नये.

आपल्या भागात गोचीड तापाची तपासणी कायम डोक्यात असू द्या. एर्लिशिया आणि बबेसिया हे दोन जंतू गोचिडांतून येतात. नाकातून रक्त, अंगावर जांभळे ठिपके, कॉफीच्या रंगाची लघवी, फिकट हिरड्या, किंवा नुसतंच मलूल पडून राहणं. रक्तातल्या प्लेटलेट कमी आल्या तर काचेवर रक्त पसरून बघायला सांगा. कित्येक कुत्र्यांत ताप नसतानाही हा आजार महिनोन् महिने आत राहतो आणि ‘म्हातारपणाची सुस्ती’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

## ७. लस, जंत, गोचीड

घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला आणि मांजरालाही रेबीजची लस दरवर्षी द्या. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होतं, चौकशी करून ठेवा. लेप्टोची लसही कुत्र्यांसाठी वर्षाची वर्षाला. उंदराच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून लेप्टो पसरतो आणि माणसालाही होतो; भातशेती आणि ओढ्याकाठच्या घरांनी ती मेमध्येच उरकावी. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथरोगांवरच्या लसीचे डोस आधी नीट झालेले असतील तर आता किती वर्षांनी द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. अंगात ताप असेल त्या दिवशी लस नको.

जंताचं औषध वजनावर ठरतं. गेल्या वर्षीचं वजन धरून देऊ नका.

गोचिडांसाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, मानेवर टाकायचे थेंब असे पर्याय आहेत. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळीआधी ते डॉक्टरांना सांगाच.

इथला सापळा मोठा आहे. ज्यांच्या घरी गोठा आहे ते गुरांवर मारायचं गोचिडाचं औषधच कुत्र्या-मांजरावर मारतात. त्यातली परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही मांजराला विष आहेत. मांजर थरथरत, झटके येऊन मरतं. गोचिडांवरचंच अमिट्राझ हे औषध मांजराला आणि मधुमेही कुत्र्याला नको. गुरांचं आयव्हरमेक्टिनही कुत्र्याला अंदाजपंचे टोचू नये. गोठा फवारायचा असेल तेव्हा मांजर दिवसभर घरात कोंडून ठेवा, जमीन पूर्ण वाळेपर्यंत.

## ८. औषधांतले धोके

पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात, किडनी बंद करतात. घरातल्या आजोबांच्या गुडघ्याची गोळी कुत्र्याच्या गुडघ्याला चालत नाही. सांधेदुखीवर कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, ती किडनी-लिव्हर तपासून, वजनावर, डॉक्टरांनीच द्यायची.

आता ‘ताकदीचं इंजेक्शन’. पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असतं. जनावर दोन दिवस टुणटुणीत होतं, खातं, आणि घरच्यांना वाटतं गुण आला. तोवर मूळ आजार आत वाढत राहतो. वारंवार दिलं तर साखर वाढते, स्नायू झिजतात. स्टेरॉइडच्या जोडीला वेदनाशामक पडलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही घातक. म्हणून तर इंजेक्शनचं नाव लिहून घ्या म्हणते.

मधुमेही जनावराला इन्सुलिन देत असाल तर बाटली आणि सिरिंज एकाच मापाच्या हव्यात. मिलिलिटरमागे 40 युनिटच्या बाटलीला 40 ची सिरिंज, 100 ला 100 ची. मेडिकल दुकानातून घाईत आणलेली वेगळ्या मापाची सिरिंज म्हणजे अडीच पट चुकीचा डोस.

## ९. दात

तोंडाला घाण वास येणं हे म्हातारपण नाही, हिरड्यांचा रोग आहे. दुखऱ्या दाढेमुळं जनावर भाकरी सोडून फक्त दूध पितं आणि आपण म्हणतो भूक मंदावली. दात नीट साफ करायला पूर्ण भूल लागते. वयामुळं भुलीला नाही म्हणू नका. आधी रक्त आणि हृदय तपासून घेतलं तर बहुतेक म्हातारी जनावरं ती नीट सोसतात. घरी कुत्र्यांच्या पेस्टनं ब्रश करा, आपली टूथपेस्ट वापरू नका. नळीचं कडक हाडूक बंद.

## १०. घरात करायचे बदल

शहाबादी किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटच्या फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. झोपायच्या जागेपासून जेवणाच्या वाटीपर्यंत जुनी सतरंजी किंवा रबरी पायपुसणी अंथरा. डिसेंबरच्या थंडीत अंगणात न झोपवता आत घ्या, खाली जाड गोधडी घाला. अथणी, चिकोडीकडच्या उन्हाळ्यात फिरायची वेळ सूर्योदयाआधीची ठेवा.

खाण्यात मटणाचा रस्सा आणि भाकरी आपल्याकडं सर्रास घालतात. रश्श्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, मांजराच्या जास्तच. तुकडे वेगळे, बिनमसाल्याचे शिजवा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. अथणी भागात बेदाण्याची शेड जवळ असेल तर कुत्र्याला तिथं मोकळं सोडू नका, आणि गोकाकच्या करदंटाचा तुकडाही देऊ नका. पाहुण्यांनी मायेनं भरवलेला कुंदा मधुमेही किंवा लठ्ठ कुत्र्याला नकोच. मांजराला नुसत्या दूध-भातावर ठेवलं तर टॉरिन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य कमी पडून हृदय आणि डोळे खराब होतात. त्याला मांस-मासळी लागतेच. किडनीसाठी म्हणून स्वतःच्या मनानं मांस बंद करू नका, रिपोर्ट दाखवून ठरवा.

## ११. मोठ्या तपासणीसाठी बाहेरगावी

हृदयाची सोनोग्राफी, डोळ्यांचं ऑपरेशन, गाठीवरचे उपचार यासाठी इथून लोक कोल्हापूर, हुबळी-धारवाड, गोवा किंवा पुण्याला जातात. आपल्या डॉक्टरांकडून शिफारशीची चिठ्ठी आणि रिपोर्टच्या प्रती घ्या, तिथल्या दवाखान्याला आधी फोन करून उपाशी आणायचं का विचारा, दर विचारा. पहाटे निघा. वाटेत चहाला थांबताना जनावर बंद गाडीत ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाच्या वळणांवर उलटी होते, म्हणून निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका.

उपचार होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं तर वेदना कमी ठेवण्याबद्दल बोला. दयामरणाचा विषय काढायलाही संकोच नको. नोंदणीकृत डॉक्टर आधी भूल देऊन ते शांतपणे करतात. खाणं, उठणं, लघवीची स्वच्छता, माणसांकडं येणं, यातलं किती उरलंय ते वहीत रोज टिपत गेलात तर निर्णय घरात सगळ्यांना मिळून घेता येतो.

## १२. ही लक्षणं दिसली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका

- मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उलटीचा प्रयत्न करतंय पण काही पडत नाही
- न खच्ची केलेली मादी, माजानंतर काही आठवड्यांत पाणी फार पितेय, मलूल आहे, मागून पू येतोय (किंवा येतही नाही)
- बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, लघवीचा थेंब नाही
- मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, किंवा मागचे पाय अचानक गेले आणि गार पडले
- हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या
- फिट पाच मिनिटांहून जास्त, किंवा एकापाठोपाठ एक

अशा वेळी तोंडात जबरदस्तीनं पाणी ओतू नका, घरची कुठलीही गोळी देऊ नका. सतरंजीची झोळी करून उचला आणि निघाल्यावर वाटेतून दवाखान्याला फोन करा, म्हणजे तिथं तयारी राहते. रात्री कोणते डॉक्टर फोन घेतात, हे आजच, जनावर चांगलं असताना विचारून ठेवा. तो नंबर, दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.